दौंडमधली अठरा घरं आणि मी

शिरूरमध्ये माझं ऑफिस आहे आणि त्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'वास्तुविशारद' असं लिहिलेलं आहे. पाटी रंगवणाऱ्याने तो शब्द दोनदा चुकवला होता. दोन्ही वेळा मी उन्हात उभं राहून तो दुरुस्त करून घेतला. एवढं लक्ष मी इमारतींकडे दिलं असतं तर बरं झालं असतं. कवठे येमाईत एका बागायतदाराला मी चार गोल खांबांचा बंगला बांधून दिला. त्या खांबांना आता म्हशी अंग घासतात. तळेगाव ढमढेऱ्यातल्या दुसऱ्या एका बंगल्यात दिवाणखान्याच्या मधोमध दोन पायऱ्या खोल बैठक काढली होती. वर्षभराने मी तिचे फोटो काढायला गेलो, तर बैठकीत काठोकाठ कांदा भरलेला. मालक म्हणाले, "लई सोय झाली बघा. गारवा राहतो." मी चहा प्यायलो आणि कॅमेरा बॅगेतून न काढताच परत आलो.

अशा माणसाला दौंडहून फोन आला. तिथल्या एका छोट्या संस्थेचं काम बघणाऱ्या बाई बोलत होत्या. पुढे सगळ्यांसारखं मीही त्यांना ताई म्हणायला लागलो. रेल्वेच्या मालधक्क्यामागे प्लॅस्टिकच्या कागदाखाली, काही जण तर थेट फलाटावर, वर्षानुवर्षं राहणारी कुटुंबं होती. त्यांच्यासाठी कुरकुंभच्या रस्त्याला संस्थेला एक जागा मिळाली होती आणि तिथे अठरा घरांची इमारत बांधायची होती.

"नुसतं छप्पर द्यायचं नाहीये," ताई म्हणाल्या. "भाडं ज्याला जेवढं झेपेल तेवढंच. पण घर मिळाल्यावरच खरी कामं सुरू होतात. आधार कार्ड, पोरांची शाळा, दवाखाना, कुणाची दारू. ती कामं करणारी माणसं त्याच इमारतीत पाहिजेत. हाक मारली की आली पाहिजेत."

मी त्यांना विचारलं, माझंच नाव कसं काय सुचलं. शिरूरच्या मंगल कार्यालयाची मी काढलेली कमान कुणीतरी पाहिली असेल, असं उत्तर माझ्या मनात तयार होतं.

"पुण्यातल्या दोघांना विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "ते फोनच उचलत नाहीत. तुम्ही पहिल्या रिंगला उचललात."

हे काम मी जितक्या मनापासून केलं तितकं कुठलंच केलं नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. वरवंडला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांना मी वीस मिनिटं बेघर माणसाला अवकाशाची गरज कशी असते ते समजावलं. पाहुणे भल्या घरचे होते. ताटातला मठ्ठा सांडू न देता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तोवर मी एकाही बेघर माणसाशी बोललो नव्हतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी मी पांढऱ्या फोमचं मॉडेल घेऊन दौंडला गेलो. तीन मजली इमारत, स्पंजची झाडं, आणि तळमजल्यावर डॉक्टरची एक खोली सोडली तर पूर्ण मोकळं अंगण. त्या अंगणाला मी 'संवादप्रांगण' असं नाव दिलं होतं. संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताईंनी पंचवीसेक माणसं जमवली होती. मी उजेड, वारा आणि संवाद या विषयांवर बोललो. बराच वेळ बोललो. बायका मॉडेलकडे बघत होत्या आणि पुरुष माझ्या तोंडाकडे.

पुढच्या रांगेत पस्तिशीची एक बाई बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. ती आणि तिचा नवरा बीडकडून ऊसतोडीला आले होते. उसाच्या मोळीसकट ट्रकवरून पडून नवऱ्याचा खुबा मोडला, टोळी पुढच्या गावाला निघून गेली आणि ही दोघं दौंडच्या स्टेशनवर राहिली. त्याला अकरा वर्षं झाली होती. दोन्ही मुली तिथेच झाल्या. नवरा काठीवर चालायचा. अक्का गाड्यांमध्ये कंगवे, रबरं आणि पिना विकायची.

"साहेब, ह्यातलं आमचं कुठलं?" तिने विचारलं.

मी पेनाचं टोक दुसऱ्या मजल्यावर टेकवलं.

"आन् दार?"

"हे."

"दुसरं?"

"दुसरं नाही. फ्लॅटला एकच दार असतं."

तिने वाकून ते दार पाहिलं. "मंग ह्या दारात कुनी येऊन हुभं राह्यलं, तर आमी कुठनं जायचं?"

"कोण येऊन उभं राहील?" मी विचारलं.

दोन-तीन बायका हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. ताई खाली बघत होत्या.

"कुनीबी राह्यतं," अक्का म्हणाली.

मी तिला दाराची कडी, कुलूप आणि दाराला पाडायचं भोक समजावलं. त्या भोकातून बाहेरचा माणूस दिसतो, हे सांगितलं. ती 'व्हय, व्हय' म्हणाली. समोरचा माणूस थांबणार नाही असं कळल्यावर आपण म्हणतो, तसं. मग तिच्या नवऱ्याने विचारलं, "साहेब, चढायचं किती?"

मी पायऱ्या मोजल्या होत्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत अडतीस होत्या. लिफ्ट चालवणं संस्थेला परवडणार नव्हतं आणि तळमजला सगळा संवादाला दिलेला होता. मी अडतीस म्हणालो. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

मी घरी येऊन दोन दिवस फुगून बसलो. माझी बायको शाळेत शिकवते. ती वह्या तपासत होती. लोकांना चांगली गोष्ट समजावून सांगणं किती अवघड असतं, हे मी तिला ऐकवलं. तिने लाल पेन न थांबवता विचारलं, "ती माणसं रोज झोपतात कशी, हे विचारलंत का त्यांना?"

"माणसं झोपतात तशीच झोपत असणार," मी म्हणालो.

चौथीतल्या कुणाच्या तरी भागाकाराला तिने पूर्ण मार्क दिले.

वीस वर्षं माझी सगळी कामं एकच मिस्त्री करतो. शिरूरमधलं त्याचं मुसलमान घर पिढ्यान्‌पिढ्यांचं. आजोबा गवंडी, वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढेही रडगाणं गायलो. तो मॉडेलभोवती फिरला, स्पंजचं एक झाड बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, कागदावर घर मलाबी कळत न्हाई, आन् मी तीस वर्सं बांधतोय. जमिनीवर आखू की. खऱ्या मापाचं. मंग इचारू."

पुढे एका कॉलेजात भाषण करताना ही कल्पना मी माझी म्हणून सांगितली. मिस्त्री तेव्हा तिथे नव्हता, म्हणून ते जमलं.

त्या रविवारी सकाळी आम्ही दौंडच्या त्या मोकळ्या जागेवर फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या भुकटीच्या, पांढऱ्या रेघांनी एक पूर्ण घर आखलं. हॉल, स्वयंपाकाची जागा, बेडरूम, संडास, मोरी. दाराच्या जागी रेघ सोडून मोकळी जागा ठेवली. ताईंबरोबर पाच-सहा कुटुंबं आली. अक्काने दाराच्या मोकळ्या जागेबाहेर चपला काढल्या, नवऱ्याला हात दिला आणि मुलींना घेऊन आत गेली. मला तिला स्वयंपाकाची जागा दाखवायची घाई होती. मी सरळ पलीकडून आत निघालो.

"साहेब, भितीतनं कुठं चाललाय?" अक्का म्हणाली. "दार हिकडं हाय."

सगळे हसले. मिस्त्री सगळ्यांत जास्त. मी रेघेवरून मागे फिरलो, दारापाशी आलो, आणि बाकीच्यांच्या चपला दिसल्या म्हणून बूट काढले. डाव्या मोज्यातून माझा अंगठा बाहेर आलेला होता. अक्काच्या धाकट्या मुलीने तो पाहिला आणि थोरलीला दाखवला. मला वाटतं त्या क्षणापासून ती माणसं माझ्याशी खरं बोलायला लागली. मॉडेलने जे झालं नाही ते मोज्याने झालं.

बायकोचा प्रश्न विचारायचा होता, पण तो विचारायचा कसा ते कळेना. मी म्हणालो, "आपल्या निद्रेची साधारण रचना…" मिस्त्रीने मला थांबवलं. "साहेब म्हनत्यात, रोज कसं निजता तसं पडा जरा."

नवरा भिंतीकडेला, म्हणजे रेघेला लागून, आडवा झाला. त्याच्या शेजारी दोघी मुली. अक्का दाराच्या तोंडाशी आडवी पडली, जेणेकरून दारातून येणाऱ्याला आधी तिला ओलांडावं लागेल. चौघंही हॉलमध्ये मावली. मी ज्या बेडरूमसाठी हॉल लहान केला होता ती मागे रिकामी पडली होती. मी धाकटीला म्हणालो, "तू तिकडे झोपून बघ." ती उठून त्या रेघांच्या चौकोनात गेली, मध्ये उभी राहिली आणि लगेच परत आली.

"काय झालं?"

"तिथं भित हाय," ती म्हणाली. "आई दिसत न्हाई."

मग अक्काचा नवरा उठला आणि संडासाच्या चौकोनात शिरला. तिथे बसून त्याला काठीच्या आधाराने उठायचं होतं. तो उठला, पण कसाबसा. मी त्याला सांगितलं की दार आतल्या बाजूला उघडतं, म्हणजे बाहेरच्या माणसाला अडचण होत नाही.

"आन् मी आत पडलो तर?" त्याने विचारलं. "दार माझ्याच अंगाला लागनार. मंग मला भायेर काढायचं कसं?"

पंचवीस वर्षांत मी काढलेली संडासाची सगळी दारं आत उघडतात. त्यांत कुणी पडलं नसेल, किंवा पडलं असेल आणि मला सांगितलं नसेल. तिथेच उभं राहून मी वहीत दार उलटं काढलं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या फक्कीच्या भिंती चार वेळा पुसून पुन्हा मारल्या गेल्या. शेवटी एक म्हातारे आजोबा, ज्यांनी दिवसभर तोंड उघडलं नव्हतं, ते ताईंना बाजूला घेऊन म्हणाले की दारू सोडवणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत जायला मागून वाट ठेवा, सगळ्या बायकांसमोरून जायला नको. माझ्या नकाशात ती खोली संवादप्रांगणाच्या बरोब्बर मध्यभागी होती, काचेच्या दारासह. पारदर्शकता म्हणून.

नवा नकाशा करायला मला तीन आठवडे लागले. या वेळी मी कुठल्याही लग्नात भाषण केलं नाही. प्रत्येक घराला मागच्या गॅलरीत उघडणारं दुसरं दार आलं, आणि गॅलरी दुसऱ्या जिन्याला जोडली. बेडरूमची भिंत कमरेएवढी झाली. वर पडदा लावायचा की भिंत वाढवायची हे ज्याने त्याने ठरवायचं. तळमजल्यावर, जिना न चढू शकणाऱ्यांसाठी चार घरं आली. फाटकाशेजारी ताईंची खोली, तिला रस्त्याकडे मोठी खिडकी, आणि डॉक्टरच्या खोलीला मागून दार. संवादप्रांगण आक्रसून एक नळ, एक धुण्याचा दगड आणि एक कडुनिंब एवढंच उरलं. आज तिथे दिवसभर इतका संवाद चालतो की ताईंना खिडकी लावून घ्यावी लागते.

बांधकामाला दीड वर्ष गेलं. अक्काला तळमजल्यावरचं घर मिळालं. किल्ली घेताना ती रडली नाही. मी मात्र डोळे पुसायला रुमाल काढला आणि त्यात सिमेंटची पूड होती म्हणून मग खरोखरच रडलो.

महिनाभराने मी घर बघायला गेलो. दाराशेजारी चार गाठोडी ठेवलेली होती. जुन्या साड्यांत बांधलेली, वर गाठ मारलेली. भांडी एका गोणीत. आणि भिंतीवरच्या माझ्या कडाप्प्याच्या फळ्या स्वच्छ, रिकाम्या. त्या फळ्यांवर मी फार विचार केला होता. उंची, खोली, डबे किती मावतील. मी ताबडतोब समजलो की फळ्या उंच झाल्यात.

मिस्त्रीला शिरूरहून बोलावून फळ्या चार बोटं खाली घेतल्या. पुढच्या महिन्यात गेलो, फळ्या रिकाम्या, गाठोडी दाराशी. मग मला वाटलं, कडाप्पा काळा आहे, अंधारा वाटत असेल. मिस्त्रीने वर पांढऱ्या टाइल्स बसवल्या. गाठोडी जागेवरच. तिसऱ्या खेपेला मी खुंट्या मारायला सांगितल्या. तेव्हा मिस्त्री ड्रिल मशीन खाली ठेवून म्हणाला, "साहेब, आता भित संपत आली. जरा बाईलाच इचारा."

अक्का नळावरून आली. मी तिला विचारलं, फळ्यांमध्ये नेमकं काय चुकलं.

"फळी चांगली हाय," ती म्हणाली. "पयल्यापासनं चांगली हुती. मिस्त्री उगाच खालवर करतोय, मला वाटलं तुमचं काय तरी कामाचं असंल."

"मग सामान का लावलं नाही?"

तिने गाठोड्यांकडे पाहिलं. "मांडलं की उचलायला येळ लागतो, साहेब. गाठोडं असलं की चौघांनी एकेक घेतलं, निघालो. पोलीस आलं, की पाच मिन्टं बी देत न्हाईत. एकदा मांडून ठिवलं हुतं. चूल, डबं, समदं. लेकींची कापडं तिथंच राह्यली."

मी तीन महिने त्या घरात माझी चूक शोधत होतो, आणि ती मला सापडेना याचं मला वाईट वाटत होतं. त्या घरात काय बिघडलंय याचा माझ्या फळीशी काडीचा संबंध नसेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी मिस्त्रीला खुंट्या पिशवीत परत टाकायला सांगितल्या आणि त्यावर भाषण केलं नाही. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पुढचं काम ताईंनी केलं. तिथे वास्तुविशारदाचा उपयोग नव्हता. घराचा करार अक्काच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने होता, पण तो फायलीत होता. ताईंनी त्याची प्रत काढून तिला दिली आणि दर सोमवारी तिच्याकडे बसून एक-एक कलम वाचून दाखवलं. कुणी घर सोडा म्हणालं तर आधी कागद यावा लागेल, कागदानंतर इतके दिवस मिळतील, आणि त्या दिवसांत ताई तिच्या बाजूने उभ्या राहतील. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा. थोरली मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. काही आठवड्यांनी तीच आईला कलमं वाचून दाखवायला लागली, अडखळत.

पहिल्यांदा फळीवर काय आलं, तर थोरलीची पुस्तकं. दप्तर ओलं झालं होतं म्हणून तिने ती वाळायला ठेवली आणि मग उतरवलीच नाहीत. अक्काने त्यांच्या शेजारी मिठाचा डबा ठेवला. महिनाभर फळीवर चार पुस्तकं आणि मीठ एवढंच होतं. दिवाळीच्या आसपास ताईंचा फोन आला. एरवी त्या कामाशिवाय फोन करत नाहीत. म्हणाल्या, "तिने आज गोणी रिकामी केली. भांडी लावली. एवढंच सांगायचं होतं."

सगळ्यांचं असं झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं सहा महिन्यांत परत फलाटावर गेलं. नवऱ्याला दारूने ओढलं आणि बायको त्याच्यामागे गेली. ताईंनी ते घर काही महिने रिकामं ठेवलं, रोज फलाटावर जाऊन बोलल्या. बायको एकदा येऊन घर झाडून गेली, पण राहिली नाही. शेवटी तिथे दुसरं कुटुंब आलं. मी ताईंना विचारलं की त्या घरात काही बदल करायला हवे होते का. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक गोष्ट भिंतीवर का घेता?"

गेल्या वर्षी शिरूरमध्ये बाजाराजवळ राहणाऱ्या काही कुटुंबांसाठी तशाच कामाची बोलणी सुरू झाली. या वेळी मी मॉडेल केलं नाही. ताईंना विचारून अक्कालाच बोलावलं. ती एसटीने आली, धाकटीला घेऊन, नवी चप्पल घालून. मिस्त्रीने जागेवर रेघा मारल्या होत्या. कुटुंबं जमली आणि नेहमीप्रमाणे सगळी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अक्का मात्र सरळ एका तरुण बाईपाशी गेली. तिच्या कडेवर मूल होतं.

"तू निजतीस कुठल्या अंगाला?" अक्काने विचारलं.

ती बाई दाखवायला लागली. अक्का तिच्या मागोमाग रेघांतून फिरत होती, कुठे हात लांब करून अंतर बघत होती, आणि मला सांगत होती, "साहेब, हितं लिवा. हितं दार पायजे." मी एका हातात टेप आणि एका हातात वही घेऊन मागे चाललो होतो. मिस्त्री टेपचं दुसरं टोक धरून होता. दोन तासांत वहीची अकरा पानं भरली. माझ्या स्वतःच्या सूचना त्यांत दोन होत्या, आणि एक अक्काने खोडायला लावली.

दुपारी सगळे सावलीला बसले तेव्हा त्या तरुण बाईने हळूच अक्काला विचारलं, "ह्ये साहेब ऐकत्यात का पन?"

"ऐकत्यात," अक्का म्हणाली. "बोलत्यात लई. पन बोलून झालं की ऐकत्यात."

मी त्यावर काही सांगायला तोंड उघडलं. मग पाण्याची बाटली उघडली आणि सगळ्यांना आधी पाणी दिलं.